भुरीच्या भिंतीवरचा लाल ठिपका

मी जनावरांची डॉक्टर होते असं सांगितलं की शहरातल्या बायका हमखास विचारतात, "अय्या, म्हणजे दिवसभर गोड गोड पिल्लं?" मी त्यांना माझा डावा हात दाखवते. या हाताने मी एकतीस वर्षं गाई-म्हशींची गाभणतपासणी केली. म्हणजे कोपराच्या वर हात आत घालायचा, डोळे मिटायचे आणि बोटांनी वासरू शोधायचं. बाईसाहेब मग विषय बदलतात आणि माझ्यापासून जरा सरकून बसतात.

माझा जन्म शहापूरचा आणि नोकरी जवळजवळ सगळी मुरबाड तालुक्यात झाली. शेवटची बारा वर्षं धसईच्या पुढच्या एका गावात काढली. दोन खोल्यांचा दवाखाना, समोर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, मागे एक जांभूळ. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर वाड्यांवर लसी टोचत हिंडायचं. लोक मला 'डॉक्टरबाय' म्हणत आणि कोंबडीपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांची दुखणी सांगत. एक आजी बकरीचं जंताचं औषध घेऊन गेल्या आणि आठवड्याने परत येऊन म्हणाल्या, "बकरीला गुण आला गो बाय. उरलेला म्हाताऱ्याला पाजला. त्योबी बरा हाय." माझी झोप उडाली होती, आणि आजी मला आणखी एक बाटली मागत होत्या.

कुत्रं मात्र माझ्याकडे कुणी आणत नसे. वाडीवरचं कुत्रं बकऱ्यांबरोबर जातं, रानडुकरांवर भुंकतं, उरलंसुरलं खातं आणि आजारी पडलं तर आपलं आपण बरं होतं किंवा मरतं. माझ्या वहीत कुत्र्याची नोंद यायची ती एकाच सदरात, पिसाळलेलं. त्या बाबतीत माझा स्वतःचा इतिहास आहे. तो आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नोकरीला दुसरंच वर्ष होतं. एक गाय मान ताणून उभी होती, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज घोगरा. मालक म्हणाला, घशात कोय अडकली. मी हातमोजा न घालता तिच्या घशात हात घातला आणि आत चाचपत बसले. कोय नव्हती. तिसऱ्या दिवशी गाय मेली, मेंदूचा नमुना तपासायला गेला आणि गाय पिसाळलेली होती असा अहवाल आला. माझ्या बोटाला ओरखडा होता. इंजेक्शनं घेतली, तरी पुढचे कितीतरी दिवस पाण्याचा पेला तोंडाशी नेताना मी घसा नीट गिळतोय का ते बघायची. शहापूरला आईने देव पाण्यात ठेवले होते.

तेव्हापासून मी पिसाळ रोगाची कीर्तनकार झाले. लसीकरण असो, बचत गट असो, शाळेचा कार्यक्रम असो, मी उभी राहिले की लोक एकमेकांकडे बघून हसत, कारण आता काय येणार ते त्यांना पाठ होतं. कुत्र्याची लाळ गळते, ते हवेत चावे घेतं, नजर एका जागी लागते, घरच्यांना ओळखत नाही. यातलं काही दिसलं की जवळ जाऊ नका. शंका आली की पिसाळ धरा. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्यांना मी आणखी एक गोष्ट घोटून शिकवली होती. जनावराला हात लावायच्या आधी मालकाला पहिला प्रश्न विचारायचा, कधीपासून? बाकी सगळं नंतर.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आम्हाला कुठल्याशा प्रशिक्षणात एक पिशवी मिळाली. पिशवीत पाण्याची बाटली, वही आणि पेनासारखी दिसणारी लाल उजेडाची कांडी. बटण दाबलं की भिंतीवर लाल ठिपका पडायचा. पडद्यावर चित्र दाखवताना बोट नाचवायला नको म्हणून. मला ती भयंकर आवडली. मी ती पदराला लावून हिंडायची.

गौरी-गणपती झाल्यावर वरच्या वाडीतल्या शाळेत मी शेळीपालनाची सभा घेतली. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. दारात हिराबाई बसली होती आणि तिच्या पायाशी भुरी. हिराबाई चाळिशीची, नवरा गेलेला, पदरी पंधरा-सोळा बकऱ्या आणि सासरा. भुरी तिची कुत्री, राखी रंगाची, एक कान चिरलेला. गंमत म्हणून मी लाल ठिपका पडद्यावरून खाली उतरवला आणि जमिनीवरून भुरीच्या पुढ्यात नेला. भुरी उडालीच. ठिपका बाकाखाली, भुरी बाकाखाली. ठिपका गुरुजींच्या टेबलावर, भुरी टेबलावर. सगळी सभा हसून लोळली. एकतीस वर्षांत माझ्या भाषणाला एवढी दाद मिळाली नव्हती.

हिराबाई डोळे पुसत म्हणाली, "बाबांना दावाय पायजे होता ह्यो."

बाबा म्हणजे तिचा सासरा, बुधाबाबा. भुरी खरी त्याची. पिल्लू असताना त्यानेच रानातून कमरेच्या धोतरात गुंडाळून आणलेली. दोघं रोज बकऱ्या घेऊन कड्याखालच्या माळावर जात. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. तेव्हापासून तो ओटीवरच्या बाजेवर होता आणि बकऱ्यांबरोबर हिराबाई आणि भुरी जात. आठ महिने तो हसला नव्हता, असं ती म्हणाली.

सभा संपल्यावर मी तिच्याबरोबर वर गेले. कांडी बुधाबाबाच्या उजव्या हातात दिली आणि त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बटण दाबलं. शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर ठिपका उमटला. भुरीने भिंतीवर झेप घेतली. बुधाबाबाने मनगट जरा हलवलं आणि भुरी ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. आणि म्हातारा हसला. अर्ध्याच तोंडाने, पण मोठ्याने. हिराबाईने पदर तोंडाला लावला.

"ठेवा तुमच्याकडेच बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला विरंगुळा, तिला व्यायाम."

परतीची उतरण मी गुणगुणत उतरले. तो दिवस मी माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांत धरला होता.

त्याच सुमाराला वाशिंदच्या नव्या इमारतींत राहणारा, इकडे फिरायला आलेला एक गृहस्थ दवाखान्यात डोकावला होता. फ्लॅटमध्ये कुत्रा आहे, फिरवायला टाइम मिळत नाही, बाजारात उजेडामागे पळायचं खेळणं मिळतं, ते चालेल का, असं त्याने विचारलं. मी वहीतून मानसुद्धा वर न करता म्हटलं, "घ्या की. कुत्रं दमतं, आपण बसून राहायचं." तो हसून गेला. नाव विचारलं नाही.

निवृत्त झाले आणि मुरबाडला राहायला आले. शिमगा होऊन गेला होता. एका सकाळी हिराबाईचा फोन आला. वाडीवर मोबाइलला रेंज नसते. रेंजसाठी ती टेकाडावर चढली होती. धापा टाकत होती आणि आवाज मधेमधे तुटत होता.

"डॉक्टरबाय, भुरीचा काय खरा नाय. काल वाघरानं दोन बकऱ्या नेल्या, हिच्या म्होरनं. ही भुकलीच नाय. पान्याकडं बगत बसलेली."

वाघरू म्हणजे बिबट्या. मी ताठ बसले. "लाळ गळते का?"

"गळते. खात नाय. हवेत चावं घेते. नजर अशी लागलेली, हाक मारली तर बगत नाय."

"तुला ओळखते?"

"नाय वाटत. परवा लक्ष्मणच्या अंगावर उडी घेतली."

लक्ष्मण तिचा दीर. मला पुढचं काही ऐकायचीच गरज वाटली नाही. चारही खुणा तिने माझ्याच भाषणातल्या क्रमाने सांगितल्या होत्या.

"हिरा, ऐक. पिसाळलीय ती. कुणी जवळ जाऊ नका. लक्ष्मणला सांग, काय करायचं ते त्याला ठाऊक आहे. मी निघते, कुणाकुणाला चावली, चाटली ते बघते. सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागतील."

ती म्हणाली, "बरा. तुमीच सांगलेला ना," आणि फोन तुटला.

काय करायचं ते ठाऊक आहे, याचा वाडीवर एकच अर्थ होतो. झाडाला बांधायचं आणि लांब काठ्यांनी संपवायचं. मी तो अर्थ धरूनच बोलले होते. धसईपर्यंत एसटी आणि पुढे जीप, या सगळ्या वाटेत माझ्या मनात भुरी नव्हती. मनात होती ती लक्ष्मणची, हिराबाईची, बुधाबाबाची इंजेक्शनं. जीपवाल्याला मी घाई करत होते आणि आपण निवृत्त होऊनही धावतो याचा मला थोडा अभिमानही वाटत होता, तेही कबूल करते.

वर पोचले तेव्हा दुपार चढली होती. हिराबाईच्या अंगणात सात-आठ बाप्ये काठ्या घेऊन उभे होते. लक्ष्मणच्या हातात कोयता होता. हिराबाई तुळशीजवळ खाली मान घालून बसली होती. आणि ओटीवर, बाजेखाली, भुरी होती. जिवंत. तिच्या गळ्यातला दोर बुधाबाबाने आपल्या चांगल्या हाताला तीन-चार वेढे देऊन आवळून धरला होता. त्याचं मनगट काळंनिळं झालं होतं.

"सोडत नाय," लक्ष्मण म्हणाला. "सकाळधरना असाच. आमी जवळ गेलो का दात विचकतो, कुत्री नाय, हा म्हातारा. बोलतो, आधी डॉक्टरबाय येऊ दे."

ज्या बाईची तो वाट बघत होता, तिनेच सकाळी निकाल दिला होता आणि त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेने म्हणाला, "आली... बाय. बग."

मी दहा पावलांवर थांबले. भुरी बाजेखाली चार पायांवर ताठ उभी होती. बरगड्या दिसत होत्या. हनुवटीवर लाळ सुकली होती. मान एकदम वळायची, हवेत कचकन चावा, पुन्हा दुसरीकडे वळायची. मी जे लोकांना वर्षानुवर्षं वर्णन करून सांगितलं, ते समोर उभं होतं. मी लक्ष्मणकडे वळून मान हलवणार होते. खरंच हलवणार होते.

तेवढ्यात लक्ष्मणने कोयता या हातातून त्या हातात घेतला. उन्हाची तिरीप पात्यावरून भिंतीवर सरकली आणि भुरीची मान तिच्याबरोबर सरकली. तिरीप थांबली, भुरी थांबली. कोयता खाली गेला, तिरीप विझली, भुरीने जिथे ती होती तिथल्या भिंतीला चावा घेतला.

मी माझ्या मनगटावरचं घड्याळ उन्हात धरून किंचित फिरवलं. कवडसा कुडावर पडला. भुरी त्याच्यावर तुटून पडली, दोर ताणला गेला, बुधाबाबा बाजेवरून ओढला गेला आणि कण्हला. तेव्हा मी पहिल्यांदा भिंत नीट बघितली. बाजेच्या उंचीपर्यंतचं सगळं सारवण निघालं होतं, खालच्या कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर नखांचे आणि दातांचे ओरखडे होते. रक्ताचे डाग वाळलेले होते.

"हिरा," मी विचारलं, "हे कधीपासून?"

"दिवाळीपासना," ती म्हणाली.

मी तिथल्या उखळावर बसले. पिसाळलेलं कुत्रं एकदा लक्षणं दिसायला लागली की दहा दिवस काढत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कुठलंही पिसाळलेलं कुत्रं जगत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि कधीपासून, हा प्रश्न, जो मी जन्मभर दुसऱ्यांना घोटून शिकवला, तो सकाळी फोनवर मी विचारलाच नव्हता. बुधाबाबाच्या हातात जोर नसता तर मी पोचेपर्यंत सगळं आटपलं असतं आणि मी सगळ्यांना इंजेक्शनं घ्यायला पाठवून, शाबासकी घेऊन घरी गेले असते.

"काठ्या ठेवा," मी म्हटलं. "पिसाळलेली नाही ती. माझी चूक झाली."

लक्ष्मणचा विश्वास बसेना. मी ओटीच्या तोंडाला घोंगडी टांगायला लावली. कोयता, पितळेची कळशी, सगळ्यांचे मोबाइल आत नेऊन झाकून ठेवले. ओटीवर काळोख झाला. आम्ही बाहेर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आतून पाणी लपलप पिण्याचा आवाज आला. मग भाकरी खाल्ल्याचा. हिराबाई रडायला लागली, आणि मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर झाला नाही.

मग एकेक कळत गेलं. मी कांडी दिल्यावर भुरी बकऱ्यांबरोबर क्वचितच जाई, ती आणि बुधाबाबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खेळत. वाडीवरचे लोक बघायला येत. महिनाभरात भुरी कांडी हातात घेतल्याबरोबर थरथरायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, केवढी हौस तिला. दिवाळीत कांडीचे सेल संपले. ठिपका गेला. भुरी भिंतीसमोर बसून राहिली. रात्रंदिवस. भिंत उकरायची, रडायची.

"मला बगवंना," हिराबाई म्हणाली. "मंग धसईच्या बाजारातना नवीन सेल आणलं. वाटला, शांत होल."

सेल घातले, ठिपका आला, आणि ते आणखी वाढलं. मग तिला ठिपक्याचीही गरज उरली नाही. ओढ्यातल्या पाण्यावरचं ऊन, पानांच्या सावल्या, ताटाची चमक, लक्ष्मणच्या शर्टाचं चकचकीत बटण, कशावरही ती झेप घ्यायला लागली. बिबट्या आला त्या दुपारी ती ओढ्याच्या काठी उन्हाच्या कवडशांवर नजर लावून बसली होती. ती माळावरची सगळ्यात चांगली राखणदार होती. बिबट्याचा वास तिला वारा फिरायच्या आधी लागायचा.

टेकाडावर चढून मी माझ्या भाचीला फोन लावला. ती कल्याणला फक्त कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. मी तिला कायम चिडवायची, की गाईच्या पोटात हात न घालता तू डॉक्टर कशी गं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, लेझर कुणी दिला त्यांना?"

"मी."

ती माझी समजूत घालायच्या सुरात बोलायला लागली आणि त्याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, कुत्र्याच्या डोक्यात शिकारीचा एक क्रम असतो. बघायचं, दबकायचं, पळायचं, पकडायचं, चावायचं. चावलं की डोकं शांत होतं. ठिपका तोंडात येतच नाही. कुत्रं पळत राहतं आणि ते काम कधी पुरं होत नाही. सगळ्याच कुत्र्यांचं असं होत नाही, पण कुणाचं होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून ती कुणालाच ते खेळणं देऊ नका म्हणते. डोळ्यात गेला तर डोळ्यालाही इजा, ती वेगळीच. इमारतींमधून तिच्याकडे अशी कुत्री येतात. मालक म्हणतात, खूप उत्साही आहे हो आमचा.

मी एकतीस वर्षं जनावरांमध्ये काढली. दुखणारं जनावर मी आवाजावरून ओळखायची. आणि शाळेच्या त्या खोलीत ते जनावर माझ्या डोळ्यांदेखत कासावीस झालं होतं, आणि मला ते नाचताना दिसलं. अजूनही हे लिहिताना मला धक्का बसतो तो याचाच.

भाचीने औषध सांगितलं, आणि सांगितलं की कांडी ताबडतोब बंद, कायमची. उजेडामागे लागली की ओरडायचं नाही, लाड करायचे नाहीत, गुपचूप दुसरीकडे न्यायचं. आणि तिला असा खेळ द्या, ज्याच्या शेवटी तिच्या तोंडात काहीतरी येईल.

म्हणजे आता मला बुधाबाबाकडून कांडी परत घ्यायची होती.

मी बाजेशी गेले. भुरी खाली झोपली होती. झोपेतही पापण्या फडफडत होत्या. मी त्याच्या हाताचा दोर सोडवला, मनगटाला तेल लावलं आणि जे होतं ते सांगितलं. काहीही लपवलं नाही. सकाळच्या फोनचंही सांगितलं. तो छपराकडे बघत ऐकत राहिला.

"ती... नाचं," तो म्हणाला. "मला वाटं, खूश हाय."

"मलाही तसंच वाटलं, बाबा."

"मी केला... असा तिचा?"

"नाही बाबा. मी केलं. तुम्ही तर वाचवलंत तिला."

त्याने उशाखालून कांडी काढली. पण दिली नाही. मुठीत धरून ठेवली. त्याची नजर माझ्यावर आली तेव्हा तिच्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मंग मी," त्याने विचारलं, "दिसभर... काय करू?"

जनावरांच्या डॉक्टरला माणसाचं हे कुणी शिकवत नाही. मी त्याचं आठ महिन्यांचं न हसणं मोडल्याचं श्रेय घेऊन गुणगुणत उतरले होते, आणि आता तेच हसू काढून घ्यायला बसले होते.

उत्तर हिराबाईने दिलं. ती आतून सुक्या बोंबलांची परडी घेऊन आली. अंगणातला भाताच्या पेंढ्याचा एक भारा ओढून तिने बाजेला टेकवला. "बाबा, पैला तुमी जेवताना तिला बोंबलाचा डोका लपवून द्यायचं ना? धोतराखाली, वहाणंखाली? तसा लपवा. ती नाकाना काढल. नाकाला उजेड लागत नाय."

बुधाबाबा परडीकडे बघत राहिला. मग त्याची मूठ सुटली. कांडी घरंगळून माझ्या मांडीवर आली आणि त्याचा हात परडीत गेला.

त्या दिवशी भुरीने पेंढ्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने हिराबाईने टेकाडावरून फोन केला, की घोंगडीच्या अंधारात तिने एक डोकं शोधून काढलं. कच्चकन चावलं आणि मग बसून राहिली. भिंतीकडे गेली नाही.

हे सगळं ठाकठीक झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. भुरी आता बकऱ्यांबरोबर जाते, पण पहाटेची आणि ढगाळ दिवशी. कडक उन्हात ओढ्यावर नेली तर पुन्हा हरवते, म्हणून हिराबाई दुपारी बकऱ्या लांबच्या वाटेने फिरवते. घरातल्या कळशीच्या जागी मातीचं मडकं आलं. वाडीवर तिच्या घरी येणारा माणूस मोबाइल दाराबाहेर ठेवतो, लक्ष्मणसुद्धा. बुधाबाबाचा हात मात्र दिवसभर चालू असतो. पेंढ्यात लपवण्याच्या त्याने इतक्या तऱ्हा काढल्या आहेत की भुरीला एकेक डोकं शोधायला घटका जाते, आणि सापडलं की तो अर्ध्या तोंडाने म्हणतो, "गावला."

वाशिंदचा तो गृहस्थ मला सापडला नाही. तिकडच्या ओळखीच्या लोकांना विचारून पाहिलं. त्याचा कुत्रा बहुतेक अजून भिंतीवर उड्या मारत असेल आणि घरातले टाळ्या वाजवत असतील. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याने ते खेळणं फेकून द्यावं. माझा सल्ला चुकीचा होता.

मी दर महिन्याला वर जाते. चढण सुरू व्हायच्या आधी घड्याळ काढते, कानातले काढते आणि शेवटच्या वळणावर चष्माही काढून पिशवीत टाकते. माझ्या चष्म्याचा नंबर मोठा आहे. पुढची वाट मी चाचपडत, काठी टेकत चढते आणि अंगणात पोचते तेव्हा मला सगळी माणसं धूसर दिसतात. मागच्या खेपेला मी ओटीवर बसले. बाजेखालून काहीतरी राखी रंगाचं उठलं आणि माझ्या दिशेने आलं. मी हलले नाही. ओलं नाक माझ्या डाव्या तळव्याला लागलं, मग बोटांना, मग बोंबलाच्या वासासाठी बाहीत शिरलं.

"बाय," बुधाबाबाने बाजेवरून विचारलं, "दिसते का... तुला ती?"

"नाही दिसत, बाबा."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिला तू... दिसतेस."